सर्पगंधेचे ऋण

इतिहास म्हणजे केवळ लढाया नव्हेत, हे वर्गात सांगताना मी सर्पगंधेच्या मुळीचे उदाहरण देतो. वेडावर ही मुळी देणारे वैद्य आपल्याकडे पूर्वापार होते. पण जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली ५० रुग्णांवरील अनुभव त्यांनी एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि रक्तदाबावरील हे औषध सर्वतोमुखी झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. प्रक्षुब्ध मनोरुग्णही त्याने शांत होऊ लागले. परंतु मुळी हवी म्हणजे झुडूप उपटणे आलेच! मागणीपायी रानातली सर्पगंधा विरळ झाली. आज नवी औषधे आली आहेत. तिचे ऋण मात्र रोपे लावूनच फिटेल.