रूपकावर पहारा : १९१०चा छापखाना कायदा आणि आपले संपादक

१९१० सालच्या छापखाना कायद्याच्या चौथ्या कलमातला एक शब्द आम्हाला आजही खटकतो. सरकारविषयी द्वेष वा तिरस्कार निर्माण होईल असा मजकूर, मग तो सरळ असो की आडवळणाचा, अनुमानाने, सूचनेने, गर्भितार्थाने किंवा 'रूपका'ने लिहिलेला असो, या कलमाखाली येत होता. ज्यांच्या शायरीचा मोठा हिस्सा पिंजरा, बुलबुल आणि सय्याद यांच्यावर उभा आहे, त्या उर्दू संपादकांना याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता. कडक कायद्याच्या काळात लिहिणारा माणूस आडोसा शोधतो. या कायद्याने आडोशालाच हात घातला.

महाराष्ट्रात राजद्रोह म्हटले की टिळकांचे खटले आठवतात. १८९७च्या खटल्यानंतर, १८९८ साली, १२४ अ कलमाची व्याप्ती वाढवण्यात आली, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण राजद्रोहाच्या खटल्यात निदान न्यायाधीश असे, वकील असे, युक्तिवाद होई. १९१०च्या कायद्याने खटल्याची उठाठेवच उरू दिली नाही. नवा छापखाना काढणाऱ्याने ५०० ते २,००० रुपये अनामत भरायची. जुन्या छापखान्याकडून ५,०००पर्यंत मागता येत. मजकूर आक्षेपार्ह वाटला की सरकार ती जप्त करी. पुन्हा उभे राहायचे तर १,००० ते १०,००० रुपये मोजायचे, आणि दुसऱ्यांदा तेच घडले तर यंत्रासकट छापखाना जाई. घाव छापखानेवाल्यावर, म्हणून मजकुराला पहिली कात्री त्याचीच लागे. सरकारचा सेन्सॉर नेमण्याचा खर्च वाचला म्हणायचा!

वरच्या न्यायालयात दाद मागता येत होती, पण तिची गत काय होती ते मौलाना मोहम्मद अली यांच्या १९१३च्या प्रकरणात दिसते. बाल्कन युद्धात मॅसिडोनियातील मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची हकीकत सांगणारे, तुर्कस्तानातून आलेले एक पत्रक सरकारने जप्त केले. 'कॉम्रेड'चे हे संपादक कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी निकालात मोकळेपणाने लिहिले की, हे कलम इतके रुंद आहे की मान्यताप्राप्त साहित्यातले पुष्कळसे त्यात सापडेल, आणि शब्दांचा तसा परिणाम होऊच शकत नाही हे सिद्ध करण्याचे जवळजवळ अशक्य ओझे अर्जदारावर टाकलेले आहे. मोहम्मद अलींच्या चारित्र्यावर डाग नाही, असेही त्यांनी नोंदवले. अर्ज मात्र फेटाळला गेला, कारण कायद्याने न्यायालयाचेच हात बांधले होते.

मग ही माणसे सुरक्षित राहिली कशी? खरे सांगायचे तर बहुतेक राहिली नाहीत. पण त्यांनी कुणाला वाचवले हे पाहण्यासारखे आहे. अलीगढहून 'उर्दू-ए-मुअल्ला' काढणारे हसरत मोहानी टिळकांना गुरू मानत. १९०८ साली, म्हणजे हा कायदा येण्याआधीच, मिसरमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख त्यांनी छापला. जूनमध्ये त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात मुंबईत टिळकांनाही झाली. लेखकाचे नाव सांगितले असते तर हसरत कदाचित सुटले असते. त्यांनी ते सांगितले नाही. सक्तमजुरी झाली, तुरुंगात चक्की पिसावी लागली, दंडाच्या वसुलीत दुर्मिळ पुस्तके मातीमोल गेली. सुटल्यावर त्यांनी मासिक पुन्हा काढले. १९१३ साली अनामतीच्या मागणीने ते बंद पाडले. हा शायर मग स्वदेशी कापडाच्या दुकानात बसला. आमच्या मते, हसरत यांच्या गझलांचे जेवढे कौतुक होते, त्याच्या निम्मेही या मौनाचे झालेले नाही.

महायुद्ध सुरू झाल्यावर अनामतीचीही गरज उरली नाही. १९१५च्या भारत संरक्षण कायद्याने माणसाला खटल्याविना गावात डांबता येऊ लागले. अलीबंधू मेहरौली, लॅन्सडाउन असे फिरवत छिंदवाड्याला आणले गेले. छिंदवाडा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, म्हणजे राजधानी नागपूर. १९१७ साली सुटकेसाठी त्यांच्यापुढे हमीपत्र ठेवण्यात आले. सही करायला त्यांची ना नव्हती, फक्त इस्लामवरील आपल्या निष्ठेला बाधा न येता, एवढी पुस्ती त्यांनी जोडली. त्या एका पुस्तीपायी सुटका १९१९च्या अखेरीपर्यंत लांबली.

१९१०चा कायदा १९२२ साली रद्द झाला. १२४ अ मात्र स्वतंत्र भारतातही राहिले. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण १५२ कलम आहे, आणि त्यात बोललेल्या व लिहिलेल्या शब्दांबरोबर इलेक्ट्रॉनिक संदेशही आले आहेत. रूपक हा शब्द त्यात नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

मौलाना आझादांनी नाव बदलून पाहिले. कलकत्त्याचे 'अल-हिलाल' १९१२ साली निघाले. त्याची २,०००ची अनामत गेली, १०,०००ची मागणी आली आणि १९१४च्या अखेरीस ते थांबले. पुढल्या वर्षी ते 'अल-बलाग' होऊन परतले. सरकारला नाव बदललेले कळले आणि लेखणी तीच आहे हेही. १९१६ साली बंगालने त्यांना हद्दपार केले. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि आपली मुंबई यांनी आधीच दार लावले होते. उरला बिहार, म्हणून ते रांचीला गेले आणि तेथेच स्थानबद्ध झाले. झडत्यांमध्ये पोलिसांनी त्यांची हस्तलिखिते उचलली. १९२१च्या अटकेच्या वेळीही तेच घडले. त्या बाडांत 'तर्जुमानुल कुरआन'चे लेखन होते. सुटून आल्यावर परत मिळाली ती विस्कटलेली, फाटकी पाने. मौलानांचे मन असे मोडले की काही वर्षे त्यांनी त्या कामाला हात लावला नाही. १९२७च्या सुमारास ते पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले, आणि पहिला खंड १९३१ साली वाचकांच्या हाती आला.