धुराची खतावणी

१९९० च्या सुमारास भारतातल्या भातखाचरांच्या नावावर वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन लिहिला गेला. आकडा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा होता. पुढच्या काही वर्षांत आपल्या शास्त्रज्ञांनी खाचरांत उतरून मोजणी केली, तेव्हा तो ४० लाख टनांच्या आसपास निघाला. नऊपटींहून जास्त फरक!

आज जगातला जवळजवळ प्रत्येक देश आपल्या हद्दीतून किती कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड बाहेर पडला याचा हिशेब लिहून संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाकडे, जर्मनीतल्या बॉन शहरी, पाठवतो. हवामान परिषदेच्या दिवसांत वर्तमानपत्रांत जी टक्केवारी छापून येते, तिचं मूळ या हिशेबात असतं. तो मांडायची रीत कुठून आली आणि भाताच्या त्या वादाने तिला कसं वळण दिलं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

ही रीत हवा मोजण्यातून जन्मलेली नाही, हे आधी सांगायला हवं. प्रत्येक धुराड्यावर आणि गोठ्यावर यंत्र बसवून कुणी बेरीज करत नाही. करतात तो गुणाकार. किती कोळसा जाळला, किती सिमेंट केलं, किती गुरं पाळली, हा एक आकडा. आणि त्यातल्या दर टनामागे किंवा दर जनावरामागे किती वायू सुटतो, हा दुसरा. या दुसऱ्या आकड्याला उत्सर्जन गुणक म्हणतात. पहिला सरकारी दप्तरात सापडतो. सगळे वाद होतात ते दुसऱ्यावरून.

गुणाकाराची कल्पना जुनी आहे. गाय कॅलेंडर नावाच्या इंग्लिश अभियंत्याने १९३८ मध्ये जगाच्या इंधनवापरावरून मांडलं, की मागच्या अर्धशतकात माणसाने सुमारे १५,००० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. त्याचा व्यवसाय वाफेच्या तंत्राचा. हवामान हा फावल्या वेळचा ध्यास. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजल्यामुळे नाव झालेल्या चार्ल्स कीलिंग यांनी १९७३ मध्ये हाच हिशेब जास्त काटेकोरपणे केला. पण हे सारं जगाच्या बेरजेचं काम होतं. कुणाच्या वाट्याचं किती, हा प्रश्न तोवर पुढे आलेला नव्हता.

गुणकांचे तक्ते दुसऱ्याच वाटेने आले. शहरांतल्या धुरामुळे हैराण झालेल्या अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १९६८ मध्ये भट्ट्या, बॉयलर, मोटारी अशा एकेका उगमासाठी गुणकांचं संकलन छापलं. हेतू होता काजळी आणि गंधकाचा धूर आवरण्याचा. युरोपात तोवर आम्लवर्षेने स्कँडिनेव्हियातली तळी मरू लागली होती, आणि धूर शेजारच्या देशांतून वाहत येत होता. त्यातून १९७९ मध्ये जिनिव्हाला करार झाला. आपला धूर आपणच मोजायचा आणि शेजाऱ्याला कळवायचा, ही सवय युरोपला तिथून लागली. हरितगृह वायूंच्या खतावणीचं हे खरं आजोळ.

१९८८ मध्ये हवामान बदलावरचं आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, स्थापन झालं आणि आंतरराष्ट्रीय कराराची बोलणी जवळ आली. करार करायचा तर कोण किती सोडतो ते कळायला हवं. नेमक्या याच वेळी, कुठलीही सर्वमान्य पद्धत ठरण्याआधीच, आकडे बाहेर पडू लागले. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने आपल्या १९९०-९१ च्या अहवालात सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या देशांची क्रमवारी लावली. पहिल्या पाचांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या जोडीला ब्राझील, चीन आणि भारत होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याला पुस्तिकेतून उत्तर दिलं. ही पर्यावरणाच्या नावाची वसाहतशाही आहे, असं त्यांनी सरळ लिहिलं. पोटासाठी पिकवलेल्या भातातला मिथेन आणि चैनीच्या मोटारीतला धूर एका तागडीत कसे टाकता, हा त्यांचा सवाल होता. तो आजही सुटलेला नाही.

पण नुसत्या सवालाने आकडा खाली येत नव्हता. त्यासाठी मोजावं लागणार होतं. ते काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झालं. अशेष प्रसाद मित्रा हे या कामाचे धुरीण. १९९१ च्या हंगामात देशात वेगवेगळ्या ठिकाणी मिथेनची मोजणी झाली.

मोजणी कशी करतात ते पाहण्यासारखं आहे. लावलेल्या रोपांवर पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी पालथी घालतात. तिचा तळ पाण्यात-चिखलात रोवलेला असतो, म्हणजे हवा बाहेर जात नाही. ठराविक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची, ती प्रयोगशाळेत नेऊन तिच्यातला मिथेन तपासायचा, आणि तो किती वेगाने वाढला त्यावरून खाचराचा दर काढायचा. हे लावणीपासून कापणीपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं, कारण पीक वाढतं तसा दर बदलतो. खाचरात पाणी तुंबून राहिलं की चिखलातला ऑक्सिजन संपतो, मग ऑक्सिजनाविना जगणारे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवून मिथेन तयार करतात, आणि त्यातला बराचसा भाताच्या पोकळ ताटांतून वर येतो. पाणी मध्येच आटलं, चिखलाला हवा लागली, की ही साखळी तुटते.

अमेरिकी आकड्याची गफलत इथेच होती. त्यामागची मोजमापं होती युरोप-अमेरिकेतल्या, हंगामभर पाण्याने भरलेल्या शेतांची. तोच दर भारतातल्या सगळ्या भातक्षेत्राला लावला गेला. आपलं तेव्हा निम्म्याच्या आसपास भात पावसावर. पावसाने ओढ दिली की खाचर भेगाळतं; डोंगरउतारावर पेरलेल्या भातात पाणी साचतच नाही. पुढे आयपीसीसीच्या १९९६ च्या सुधारित मार्गदर्शिकेत देशवार मोजमापांचा तक्ता आला. त्यात इटलीच्या खाचरांपुढे हंगामाला दर चौरस मीटरमागे ३६ ग्रॅम मिथेन आहे, भारताच्या पुढे १०. शिवाय पाण्याच्या स्थितीनुसार गुणक आले: सतत भरलेल्या शेताला १, हंगामात एकदा आटणाऱ्याला ०.५, अनेकदा आटणाऱ्याला ०.२, आणि पाणी न साचणाऱ्या उतारावरच्या भाताला शून्य. हा शून्य मला फार मोलाचा वाटतो. पेट्या घेऊन चिखलात उभ्या राहिलेल्या माणसांनी तो कमावलेला आहे.

पद्धत ठरवण्याचं काम दरम्यान चालू होतंच. फेब्रुवारी १९९१ मध्ये पॅरिसला तज्ज्ञांची बैठक झाली. १९९२ च्या हवामान करारात सगळ्याच देशांनी आपली उत्सर्जनं तुलना करता येईल अशा पद्धतीने नोंदवून प्रसिद्ध करायची, हे कलमच आलं. मार्गदर्शिका १९९५ मध्ये छापून आली, १९९६ मध्ये सुधारली, २००६ मध्ये नव्याने लिहिली गेली. तिचं तांत्रिक कार्यालय जपानमधल्या हायामा गावात आहे. तिची सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे पायऱ्या. ज्याच्याकडे काहीच मोजमाप नाही त्याने पुस्तकातला सरासरी गुणक वापरावा. ज्याने स्वतः मोजलं आहे त्याने स्वतःचा गुणक वापरावा आणि पुरावा जोडावा.

आपल्या कोळशाचंच बघा. पुस्तकातला सर्वसाधारण दगडी कोळसा टनामागे सुमारे २.४४ टन कार्बन डायऑक्साइड देतो. (कोळशाच्या वजनाहून वायूचं वजन जास्त, कारण कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो.) भारतीय कोळशात राख फार, उष्णता कमी. आपल्याकडच्या तपासण्यांतून ठरलेल्या गुणकांनी साध्या, म्हणजे कोकिंग नसलेल्या, कोळशाचा हिशेब टनामागे १.८८ टनांच्या आसपास येतो. वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोट्यवधी टनांना या फरकाने गुणून पाहा.

श्रीमंत देशांना दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत ताळेबंद द्यावा लागे, आणि बाहेरच्या तज्ज्ञांची तुकडी तो तपासून शेरे मारी. आपल्याकडे ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पेरा नोंदवतो आणि मग तलाठी पडताळतो, तसंच काहीसं. विकसनशील देशांना मात्र जमेल तेव्हा, जमेल तितकं, अशी सूट होती. भारताने पहिला अहवाल २००४ मध्ये दिला, तो १९९४ सालचा. दुसरा २०१२ मध्ये, तो २००० सालचा. सुरुवातीला ही सूट न्याय्य होती. पण दहा-बारा वर्षं शिळ्या आकड्यांवर कुठल्याही देशाचं धोरण नीट आखता येत नाही, आणि त्यात नुकसान आपलंच होतं.

२०१५ च्या पॅरिस कराराने आणि २०१८ मध्ये पोलंडच्या काटोवित्सेत ठरलेल्या नियमांनी ही दुहेरी व्यवस्था बरीचशी मोडली. आता दर दोन वर्षांनी सगळ्यांनी पारदर्शकता अहवाल द्यायचा, तक्ते सगळ्यांना सारखेच. क्षमता कमी असलेल्यांना थोडी सवलत. पहिल्या अहवालाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती.

खतावणीत फटी आहेतच. मुंबई बंदरात इंधन भरून परदेशी निघालेल्या जहाजाचा धूर भारताच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळा नोंदवतात. तो नक्की कोणाचा, यावर देशांचं एकमत झालेलं नाही. मिथेनचं वजन कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलायचा दर पॅरिसआधीच्या क्योटो कराराच्या सुरुवातीच्या काळात २१ होता, नंतर २५ झाला, पॅरिस करारात २८ आहे. पुस्तकातल्या गुणकाप्रमाणे म्हैस वर्षाला ५५ किलो मिथेन सोडते. म्हणजे त्याच म्हशीच्या नावावर पूर्वी १,१५५ किलो लागत, आता १,५४० किलो लागतात. आणि परदेशी ग्राहकासाठी इथे तयार झालेल्या पोलादाचा धूर इथल्याच खात्यावर राहतो. हद्द हे माप सोयीचं आहे, सरकारांकडे आकडे हद्दीपुरतेच असतात; पण ते पूर्ण न्यायाचं नाही.

लिहिलेलं खरं की खोटं, हे शेवटी हवाच सांगू शकते. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड आपल्या ताळेबंदाची पडताळणी हवेतल्या मोजमापांशी करतात. आपल्याजवळही याची सुरुवात झालेली आहे. दक्षिण गोव्यात काब द रामच्या कड्यावर १९९३ पासून हवेचे नमुने बाटल्यांत भरून घेतले जात आणि तपासायला ऑस्ट्रेलियाला पाठवले जात. जागा हेरून निवडलेली होती: पावसाळ्यात तिथे वारा समुद्रावरून येतो, हिवाळ्यात भूमीवरून, त्यामुळे दोन्हींतला फरक वाचता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २००९ पासून सिंहगडावर असे नमुने घेतले. पण एवढ्या मोठ्या देशाला अशा दोन-चार जागा पुरणाऱ्या नाहीत.

भारताच्या सर्वांत अलीकडच्या हिशेबांपैकी एक २०२० सालचा आहे: वनं आणि जमीन सोडून, कार्बन डायऑक्साइडच्या मापात, २९५.९ कोटी टन, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा ऊर्जेचा आणि साधारण सातवा हिस्सा शेतीचा. या शेतीच्या हिश्श्यात कोकणातलं भात आहे, पश्चिम महाराष्ट्राच्या म्हशी आहेत, फडात पेटवलेलं उसाचं पाचट आहे. प्रत्येकामागे एक गुणक आहे, आणि तो इथल्या शिवारात मोजलेला असला पाहिजे. आपल्या कृषी विद्यापीठांनी आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या राज्य सरकारने हे काम नेटाने, वर्षानुवर्षं चालवावं. पेट्या, सिरिंजा आणि चिखलात उतरायला तयार असलेली तरुण मुलं, सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.