कलम ६६-अ रद्द; अब्रूनुकसानीची जबाबदारी कायम

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ रद्द केले. त्यामुळे समाजमाध्यमांवरील लेखन अब्रूनुकसानीच्या कायद्यातून सुटले, हा गैरसमज आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद १९(२) अब्रूनुकसानीसंबंधी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्यास मुभा देतो. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात फौजदारी अब्रूनुकसानीची तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये असून, दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, या दोन्ही शिक्षा किंवा सामुदायिक सेवा होऊ शकते. फौजदारी खटल्यात मजकुराची सत्यता पुरेशी नसते. प्रसिद्धी लोकहितार्थ होती, हेही दाखवावे लागते. लोकसेवकाच्या शासकीय वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला मात्र कायद्याचे संरक्षण आहे.