विटांच्या आड राहिलेलें घर

इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांत, वुल्व्हरहॅम्प्टन शहराच्या उत्तरेस, मोझली ओल्ड हॉल नांवाचें एक पुरातन घर आहे. बाहेरून पाहणारास तें लाल विटांचें, एखाद्या सधन शेतकऱ्याचें घर वाटतें. परंतु सुमारें १६०० सालीं तें बांधलें गेलें तेव्हां त्याच्या भिंती विटांच्या नव्हत्या. लांकडी खांब व तुळया यांच्या चौकटीवर तें उभें होतें.

त्या काळीं परदेशीं दीक्षा घेतलेल्या कॅथोलिक धर्मगुरूनें इंग्लंडांत पाऊल ठेवणें हा १५८५ च्या कायद्यान्वयें राजद्रोह होता, व त्यास आसरा देणाराही देहान्तशिक्षेस पात्र ठरे. यास्तव व्हिटग्रीव्ह कुटुंबाच्या ह्या घरांत मिस्सेची वेदी माळ्यावर असे, आणि एका शयनगृहालगत, जमिनीखालीं, धर्मगुरूस लपण्याची जागा केलेली होती.

८ सप्टेंबर १६५१ रोजीं, वूस्टरच्या लढाईंत पराभूत झालेला दुसरा चार्ल्स पहांटेपूर्वीं ह्या दारीं आला. गृहस्वामी टॉमस व्हिटग्रीव्ह व तेथील धर्मगुरू फादर जॉन हडलस्टन यांनीं त्यास थारा दिला. दुसरे दिवशीं शत्रूचे सैनिक दाराशीं आले, तेव्हां धर्मगुरूंसाठीं केलेल्या त्याच गुप्त जागेनें राजाचे प्राण राखिले. पुढें ५ फेब्रुवारी १६८५ रोजीं, मृत्युशय्येवर असतां, त्याच फादर हडलस्टन यांच्या हस्तें चार्ल्सनें कॅथोलिक धर्म स्वीकारिला.

एकोणिसाव्या शतकांत ह्या घरांत शेत कसणारीं कुळें राहूं लागलीं. सुमारें १८७० सालीं लांकडी भिंतींभोंवतीं विटांचें आवरण चढविण्यांत आलें व जुन्या खिडक्यांच्या जागीं नव्या बसविल्या. जुन्याचा अभिमानी मनुष्य ह्यावर हळहळेल. परंतु विचार करावा : ज्या विटांनीं घराचें रूप झांकलें, त्यांनींच आंतील लांकूड ऊनपावसापासून राखलें. १९६२ सालीं ही वास्तु नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेकडे आली, तेव्हां आंतील तुळया, माळा व ती गुप्त जागा शाबूत होती.

वाचकहो, सणासुदीस आपणही आपल्या मंदिराच्या जुन्या भिंती रंगवितों, डागडुजी करितों. बाहेरचें रूप बदलण्यास प्रत्यवाय नाहीं. मात्र ज्या पिढ्यांनीं प्राण पणास लावून वेदी राखिली, त्यांची आठवण आंतून ढळूं देऊं नये, एवढेंच हें घर आपणांस शिकवितें.