रोगाचा माग

महाराष्ट्रांतील जुन्या गांवगाड्यांत चोरी झाली म्हणजे पहिलें काम माग काढण्याचें असे. पहाटेच्या धुळींत उमटलेलें पाऊल पाहून जागल्या निघे, शिवेपर्यंत जाई. आणि माग शेजारच्या गांवच्या शिवेंत शिरला कीं तो पुढें नेण्याची जबाबदारी त्या गांवावर येऊन पडे. ह्या कामास दोन गोष्टी लागत. पाऊल ओळखणारी नजर हवी, आणि वाटेंतल्या घरांनीं खरें सांगावयास हवें. यांपैकीं एकीची जरी उणीव पडली, तरी चोर निसटे आणि निरपराध्याला मात्र ताप होई.

सांथीच्या रोगाचा माग काढण्याची गोष्ट ह्याहून फारशी निराळी नाहीं. रुग्ण आढळला कीं तो कोणाकोणाच्या सहवासांत आला हें विचारावयाचें, त्या माणसांना गांठावयाचें, तपासावयाचें आणि रोगाची मुदत संपेपर्यंत वेगळें ठेवावयाचें, एवढीच ही पद्धति. परंतु ती कोठें यशस्वी झाली व कोठें फसली, ह्याचा सव्वाशें वर्षांचा इतिहास बोधप्रद आहे. परभणीसारख्या जिल्ह्यास तर तो विशेषच जवळचा आहे. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग सेलू, परभणी, पूर्णा असा ह्याच जिल्ह्यांतून जातो. गंगाखेडास गोदास्नानासाठीं यात्रेकरू येतात. आणि कोरडवाहू शेतीवर भागत नाहीं म्हणून कित्येक कुटुंबें ऊसतोडीला व तरुण मंडळी पुण्या-मुंबईकडे जातात. माणसें ज्या वाटेनें येतात जातात, रोगहि त्याच वाटेनें येतो.

ह्या इतिहासाचा आरंभ मात्र परभणींत नव्हे, तर मुंबई-पुण्यास झाला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनीं प्लेगचे, म्हणजे ग्रंथिक सन्निपाताचे, रुग्ण ओळखले. लौकरच तो रोग पुण्यास पोंचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड ह्यांनीं गोऱ्या शिपायांकडून पुण्यांतील घरांची झडती सुरू केली. शिपाई माजघरांत आणि देवघरांत शिरत. रुग्णाला इस्पितळांत व त्याच्या घरच्या माणसांना शहराबाहेरच्या छावणींत नेत. घरांतील सामानाची होळी होई. परिणाम व्हावयाचा तोच झाला. लोक रुग्ण लपवूं लागले. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली, हें सर्वश्रुतच आहे.

ह्या जुलमाचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी तो माग मुळांतच चुकीच्या पावलांवरून चालला होता. प्लेगचा जंतु येर्सिन ह्यानें १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें शोधून काढला होता. परंतु तो माणसाच्या अंगांत कसा शिरतो हें ठाऊक नव्हतें. १८९८ सालीं कराचीस पॉल-लुई सिमों ह्यानें दाखवून दिलें कीं, हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो. फुप्फुसांचा प्लेग श्वासावाटे एका माणसापासून दुसऱ्यास लागतो हें खरें; परंतु पुण्यांत प्रामुख्यानें जो होता तो गांठींचा प्लेग तसा सहसा लागत नाहीं. शिपाई माणसांमागें धांवत होते, आणि रोग छपरांतून व कणगींतून फिरत होता. घरांत उंदीर पडला कीं गांव सोडून माळावर झोपड्या घालावयाच्या, ही खेड्यांतील वहिवाट शास्त्राला अधिक धरून होती.

त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनीं हडपसरच्या बाजूस प्लेगच्या रुग्णांसाठीं दवाखाना चालविला. रुग्णांची सेवा करतां करतां सावित्रीबाईंस तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. रोगावर हुकमी औषध सरकारापाशीं नव्हतें, तसें त्यांच्यापाशींहि नव्हतें. परंतु सावित्रीबाई रुग्णाकडे जात त्या त्याला पकडावयास नव्हे, तर सांभाळावयास. आणि हा भेद कोणत्याहि घराला कळण्याजोगा होता.

माग काढण्याच्या पद्धतीस खरें यश आलें तें देवीच्या रोगांत. देवीचें पाऊल ओळखण्यास सोपें होतें. अंगावरचे फोड कोणालाहि दिसत. रोग्याचा सहवास घडल्यापासून साधारण बारा दिवसांनीं ताप भरे. पुरळ उठण्यापूर्वीं तो दुसऱ्यास सहसा लागत नसे. आणि सहवासानंतर तीन-चार दिवसांत टोचून घेतलें तर रोग बहुधा टळे. म्हणजे माग काढणाराला रोगाच्या पुढें जाऊन उभें राहण्यास अवधि मिळे. १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियांत लस अपुरी पडली, तेव्हां डॉ. विल्यम फेगी ह्यांनीं सरसकट सर्वांना टोचण्याऐवजीं रुग्ण व त्यांच्या सभोंवतालचीं माणसें हुडकून तेवढ्यांनाच टोचलें, आणि सांथ हटली. १९७३ पासून हिंदुस्थानांतहि हाच मार्ग नेटानें अवलंबिला गेला. लाखाहून अधिक कर्मचारी देवीच्या रुग्णाचें चित्र हातीं घेऊन घरोघर हिंडले. रुग्ण सांपडला कीं त्याच्या दारावर राखणदार बसे, आजूबाजूची वस्ती टोचली जाई, आणि रोग आला कोठून ह्याचा उलटा शोध घेतला जाई. देवी हा मातेचा कोप समजून तो लपविणारीं घरें होतींच. म्हणून धाकाच्या जोडीला बक्षीस ठेवण्यांत आलें. रुग्णाची खबर देणाराला प्रथम ५० रुपये मिळत, पुढें रुग्ण विरळ होत गेले तसतशी ती रक्कम १,००० रुपयांपर्यंत चढली. १९७४ सालीं देशांत देवीचे १,८८,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. मे १९७५ मध्यें शेवटचा रुग्ण आढळला, आणि १९७७ सालीं देश देवीमुक्त ठरला.

ह्यानंतर रोगानें परभणीच्या शेजारीं येऊन परीक्षा घेतली. १९९४ च्या ऑगस्टमध्यें लगतच्या बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं उंदीर मरून पडूं लागले व गांठींच्या प्लेगचे संशयित रुग्ण दिसले. पुढच्याच महिन्यांत सुरतेस फुप्फुसांच्या प्लेगची बातमी पसरली आणि लक्षावधि लोक शहर सोडून आपापल्या गांवीं पळाले. ह्या वेळीं शास्त्र हातीं होतें. पिसवांवर फवारणी झाली, टेट्रासायक्लिन वाटलें गेलें. परंतु जीं माणसें भीतीनें आगगाडींत बसून निघून गेलीं, त्यांचा माग कोण काढणार? भय हा माग पुसून टाकणारा वारा आहे, हें पुन्हा एकदां दिसून आलें.

मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें कोरोनाच्या सांथीसाठीं नियम जारी केले ते १८९७ च्या त्याच कायद्यान्वयें. कायदा झाला तेव्हां परभणी निजामाच्या राज्यांत होती, म्हणून त्याची हद्द तेथपर्यंत पोंचली नव्हती. आतां मात्र पुण्याच्या झडतीचें तें हत्यार परभणीच्या दाराशीं आलें. एप्रिलच्या मध्यास जिल्ह्यांत पहिला रुग्ण आढळला, तोहि पुण्याकडून आलेला. दारांत मात्र शिपाई नव्हे, तर बहुधा गांवांतलीच आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका उभी होती. गेल्या १४ दिवसांत कोण आलें, कोण गेलें, हें ती विचारी. सप्टेंबरांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हां तापमान आणि रक्तांतील प्राणवायु मोजीत ह्याच बायका उंबरे झिजवीत होत्या. काम देवीच्या वेळेपेक्षां अवघड होतें; कारण हा रोग लक्षणें दिसण्यापूर्वींच दुसऱ्याला लागे, आणि कित्येकांत तर लक्षणेंच दिसत नसत. पाऊल पुसट होतें. म्हणून घरच्यांच्या खरेपणावर भिस्त अधिकच होती.

आणि खरें बोलण्याची किंमत लहान नव्हती. सहवास कबूल केला कीं चौदा दिवसांची मजुरी बुडे, दुकानास टाळें लागे, शेजारी तोंड फिरवीत. ही किंमत ज्या घराला सोसवत नाहीं, तें घर गप्प बसतें. त्याला बेजबाबदार म्हणून भागत नाहीं. जी सेविका हें सत्य गोळा करीत होती, तिलाहि अल्प मोबदल्यासाठीं जून २०२१ मध्यें राज्यभर संप पुकारावा लागला.

पुढची सांथ येईल तेव्हां जंतु कदाचित् एका आठवड्यांत ओळखूं येईल, कारण नजर आतां तीक्ष्ण झाली आहे. परंतु गंगाखेडच्या एखाद्या मजुरानें दारांत आलेल्या बाईला काल आपण कोठें होतों हें खरें सांगावें, ह्यासाठीं त्याच्या चौदा दिवसांच्या भाकरीची सोय आधीं करावी लागेल. देवीच्या वेळीं खबरीला मोल देण्यांत आलें होतें. तें मोल कोणी द्यावयाचें, हें रोग शिवेशीं येण्यापूर्वींच ठरलेलें बरें.