झेयबेक : बंडखोरांचे नृत्य

तुर्कस्थानच्या पश्चिमेस, एजियन समुद्राच्या बाजूला इझमीर, आयदिन, देनिझली व मूला हे प्रांत आहेत. तेथील लग्नसमारंभ ऐन रंगात आला, की दावुल नावाच्या मोठ्या ढोलाचा ठोका एकाएकी संथ होतो. जमलेली मंडळी मागे सरून जागा मोकळी करून देतात. एखादा पुरुष, पुष्कळदा चांगला वयस्क, त्या मोकळ्या जागेत उतरतो. प्रारंभी तो नाचत नाही. आपल्या शेताला फेरी घालावी तसा नुसता चालतो. मग दोन्ही हात खांद्यांच्या उंचीवर पसरतात, घिरट्या घालणाऱ्या ससाण्याच्या पंखांसारखे, आणि एक गुडघा जमिनीला टेकून पुन्हा वर उठतो. ह्या नृत्याचे नाव झेयबेक.

त्याचा ताल नऊ मात्रांचा आहे. दोन, दोन, दोन आणि तीन अशी त्यांची एक विभागणी. कोठे तीन मात्रा आधीही येतात. संथ प्रकारात दोन ठोक्यांमधील अंतर इतके असते, की नवख्या माणसास वादक चुकला असे वाटावे. परंतु नर्तकाची खरी परीक्षा त्या थांबण्यातच आहे. येथे नर्तक वादकाच्या मागे धावत नाही. वादकच त्याच्या पावलाकडे डोळे लावून बसतो. ढोलाच्या जोडीला झुर्ना असतो. हे वाद्य आपल्या सनईच्याच कुळातले. एक झुर्ना चाल वाजवितो व दुसरा अखंड सूर धरतो, अगदी आपल्याकडील सूरसनईप्रमाणे.

झेयबेक हे मूळ नाव नृत्याचे नव्हे, माणसांचे. उस्मानी साम्राज्याच्या काळात ह्या डोंगराळ मुलुखात हत्यारबंद टोळ्या असत. म्होरक्यास ‘एफे’ म्हणत, त्याच्या तरुण साथीदारांस ‘किझान’. गुडघ्याच्या वर संपणारी तोकडी विजार, कलाबतूची आखूड बंडी, डोक्याभोवती झालरीचे रुमाल आणि कमरेला हत्यारे खोचण्याचा रुंद चामडी पट्टा, हा त्यांचा वेष. कधी सरकार त्यांस सैन्यात घेई, कधी त्यांच्याच मागे सैन्य पाठवी. त्यांस वीर म्हणावे की दरोडेखोर, ह्याचे उत्तर सांगणारा जमीनदार आहे की कूळ, ह्यावर अवलंबून असे.

१८२९ साली अत्चा गावच्या केल मेहमेत, म्हणजे टकल्या मेहमेत, ह्याने करांच्या जाचाने गांजलेल्या शेतकऱ्यांस हाताशी धरून आयदिन शहर ताब्यात घेतले. पुढल्याच वर्षी तो मारला गेला. त्यानंतरचा नामांकित एफे चाकिर्जाली मेहमेत. बापास सरकारी माणसांनी मारले म्हणून तो डोंगरात गेला, अनेक वर्षे कोणाच्या हाती लागला नाही आणि १९११ साली चकमकीत पडला. यशार केमाल ह्या प्रख्यात लेखकाने त्याच्यावर कादंबरी लिहिली आहे.

१५ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य इझमीरला उतरले, तेव्हा तुर्कांचे नियमित सैन्य विस्कळीत झालेले होते. प्रतिकारास आधी उभे राहिले ते हेच डोंगरवासी. योरुक अली एफे ह्याने जूनमध्ये मालगाच येथील ग्रीक ठाण्यावर छापा घातला. दुसरा एफे देमिर्जी मेहमेत, त्यानेही आघाडी सांभाळली. पण स्वतंत्र टोळ्यांनी नियमित सैन्यात सामील व्हावे असा हुकूम निघताच त्याचे अंकाराच्या सरकारशी बिनसले आणि १९२० च्या अखेरीस त्याच सरकारने त्याची टोळी मोडली. झेयबेकांची गरज होती तेवढीच त्यांची किंमत होती, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

माणसे निकालात निघाली, तरी त्यांचे नृत्य मात्र प्रजासत्ताकाने उचलले. सेलिम सिर्री तार्जान हे शारीरिक शिक्षणाचे पुरस्कर्ते स्वीडनमध्ये शिकून आले होते. तेथे लोकनृत्यांस मिळणारा मान पाहून त्यांनी झेयबेकला नवे, नेटके रूप दिले आणि स्त्री-पुरुषांनी ते जोडीने करावे अशी योजना केली. १९२५ साली इझमीर येथे अतातुर्कांनी ते पाहून पसंत केले. स्वतः अतातुर्कांसही झेयबेकची आवड होती. पुढे शाळांतून व राष्ट्रीय उत्सवांतून ते शिस्तीने होऊ लागले. दिवाणखान्यातले हे रूप देखणे आहे खरे, परंतु त्यात नर्तकाने मनास येईल तेवढे थांबण्याची मुभा राहिली नाही. खेड्यांनी आपली जुनी रीत सोडली नाही. लग्न, सुंता, सैन्यात जाणाऱ्या तरुणाची पाठवणी, अशा प्रसंगी हारमंदालीसारख्या चाली वाजतातच, आणि वादक पुष्कळदा रोमा जमातीचे असतात.

१९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या कराराने, आणि त्याआधीच्या पळापळीत, बारा लाखांच्या आसपास ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले. त्यांच्याबरोबर हा नऊ मात्रांचा तालही गेला. तेथे त्याचे नाव झेइबेकिको. पिरेयस बंदराच्या दारूगुत्त्यांतून तो वाढला आणि दुःखाचा नाच ठरला. एकटा पुरुष उठतो, हात पसरतो. दुसऱ्या कोणी मध्ये येणे हा त्याचा अपमान समजतात. मित्र एक गुडघा टेकून भोवती बसतात आणि टाळ्यांनी ताल धरतात.