पाप इंद्राचं, व्रत बाईचं

त्र्यंबकेश्वरात गोदावरीला एक लहानशी नदी येऊन मिळते. तिचं नाव अहिल्या. घराण्यातल्या अतृप्त पितरांसाठी लांबलांबून आलेली माणसं या संगमाच्या परिसरात नारायण नागबळी करतात आणि आल्या वाटेनं परततात. नदीला हे नाव का, असं फारसं कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण आपल्याकडची ‘पहिली स्त्री आणि पहिलं पाप’ ही कथा गोदाकाठी याच नदीच्या रूपानं सांगितली गेली आहे.

ब्रह्मपुराणात गौतमीमाहात्म्य म्हणून मोठा भाग आहे. गोदावरीकाठच्या तीर्थांच्या कथा त्यात येतात. त्यातली एक अशी: ब्रह्मदेवानं अहल्या, म्हणजे हीच अहिल्या, घडवली आणि वाढवण्यासाठी गौतमाच्या हाती सोपवली. ती मोठी झाल्यावर सगळे देव तिला मागू लागले. पृथ्वीला प्रदक्षिणा घालून जो आधी येईल त्याला ती मिळेल, असा पण ठरला. देव धावत सुटले. गौतमानं विणाऱ्या गाईला प्रदक्षिणा घातली आणि तो जिंकला. पुढे इंद्र गौतमाचं रूप घेऊन आश्रमात शिरला, आणि शाप मिळाला तो दोघांनाही. अहल्या कोरडी नदी झाली, गौतमीला, म्हणजे गोदावरीला, मिळाल्यावर तिला पुन्हा तिचं रूप मिळालं. इंद्राच्या अंगावर लाजिरवाण्या हजार खुणा उमटल्या. त्यानं गौतमीत स्नान केलं आणि त्या खुणांचे डोळे झाले. ‘सहस्राक्ष’ हे त्याचं बिरुद आजही पूजेत मानानं घेतलं जातं.

या कथेची जुनी रूपं पाहिली की दोषाचं ओझं कसं सरकत गेलं ते दिसतं. ब्राह्मणग्रंथांच्या काळी सोमयागात इंद्राला हाक मारताना त्याला ‘अहल्येचा जार’ म्हणत. दोषाचं नाव त्याच्याच नावाला जोडलेलं होतं. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात अहल्या वेशांतर ओळखते आणि देवराजाविषयीच्या कुतूहलानं राजी होते. उत्तरकांडात मात्र आपल्याला काही कळलं नव्हतं, असं ती गौतमाला सांगते. एकाच ग्रंथाच्या दोन कांडांत दोन जबान्या आहेत. बालकांडातल्या शापात दगडही नाही. कुणाला न दिसता, वारा पिऊन, राखेत पडून तप करायचं, एवढाच तो शाप आहे. राम-लक्ष्मण आश्रमात येतात तेव्हा ते दोघं तिच्या पायांना हात लावतात. कालिदासाच्या रघुवंशापर्यंत तिची शिळा झाली. मराठी मुलखात पोथ्या-कीर्तनांतून घरोघर पोचलेली अहिल्या ती हीच, रामाच्या पायधुळीनं उद्धरलेली. ज्या बाईच्या पायांना रामानं हात लावला होता, तिच्यावर पुढे रामाचा पाय पडला. एवढी मोठी उलथापालथ झाली आणि तिचं कुणाला काही वाटलं नाही, याची मला खंत वाटते.

उत्तरकांडातला गौतमाचा निवाडा तर प्रत्येकानं वाचावा असा आहे. तो इंद्राला बजावतो की तू सुरू केलेली ही वागणूक आता माणसांतही येईल, आणि जो असं वागेल त्याच्या पापाचा अर्धा वाटा तुझ्या माथी पडेल. मूळ पाप म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं? इथे त्याचा उगम स्पष्ट सांगितला आहे, आणि तो स्त्रीत नाही.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात हव्वा फळ खाते, आदामाला देते आणि जाब विचारल्यावर आदाम तिच्याकडे बोट दाखवतो. वंशपरंपरेनं चालत आलेल्या पापाचा सिद्धांत ख्रिस्ती धर्मशास्त्रात संत ऑगस्टीननं चौथ्या-पाचव्या शतकांत पक्का केला. कुराणात दोघंही चुकतात, दोघंही क्षमा मागतात. मराठी ओवीत ही गोष्ट आणली ती फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं. त्याचं क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात रायतूर इथे छापलं गेलं.

नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही जगांतलं पाप आणि विटाळ पाहिला. त्यांचे वडील सोवळ्यापायी बाजारातून आलेल्या वस्तू धुऊन घ्यायचे, आणि त्या सोवळ्याचा जाच घरातल्या बायकांना व्हायचा. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातली ती पानं विनोदी म्हणून वाचली जातात, पण त्यांत एका मुलीनं पाहिलेली भीती आहे. नवऱ्यानं अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य याच लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

पण अहल्येची कथा निदान पोथीत राहिली. इंद्राचं दुसरं पाप बाईच्या अंगावर आलं आणि तिथेच राहिलं. तैत्तिरीय संहितेत इंद्र विश्वरूप या ब्राह्मणाला मारतो आणि ब्रह्महत्येचा धनी होतो. ते पाप तो वाटून टाकतो. पृथ्वी, झाडं आणि स्त्रिया प्रत्येकी एक हिस्सा उचलतात, बदल्यात वर मागून घेतात. स्त्रियांचा हिस्सा म्हणजे मासिक पाळी. भागवतात पाणी चौथं वाटेकरी होतं. वाटेकरी बदलत राहिले, स्त्री मात्र कुठल्याच यादीतून सुटली नाही. तरी गुन्हा तिचा होता असं यांतला कुठलाही ग्रंथ म्हणत नाही. दुसऱ्याचं ओझं तिनं उचललं, एवढंच म्हणतो.

ऋषिपंचमीच्या कहाणीत हा तपशील मागे पडतो. तिथे बाई विटाळात शिवाशिव करते म्हणून पुढच्या जन्मी कुत्री होते, आणि तिच्या संपर्कामुळे नवरा बैल होतो. दोघंही मुलाच्याच दारी असतात. श्राद्धाच्या खिरीत सापानं गरळ टाकलेलं कुत्री बघते आणि ब्राह्मण मरू नयेत म्हणून खिरीला तोंड लावते. सून तिला जळत्या लाकडानं मारते. रात्री ती बैलाला आपलं दुःख सांगते, ते मुलाच्या कानी पडतं आणि तो व्रत करतो. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा नियम या कहाणीशेजारी ठेवून पाहावा. म्हणून त्या दिवशी अळू, माठ, भेंडी, सुरण, मक्याची कणसं यांची ऋषीची भाजी होते. आघाड्याच्या काडीनं दात घासून बायका नदीवर न्हायला जातात. बैलाच्या कष्टांची आठवण व्रतात राहिली. पंगतीतल्या सगळ्यांचा जीव वाचवणाऱ्या कुत्रीच्या वाट्याला त्यात काही आलं नाही.

त्या दिवशी पूजा होते ती सात ऋषींची आणि त्यांच्यासोबत अरुंधतीची. सातांत गौतम आहे. त्याची अहल्या पूजेत नाही. पंचकन्यांच्या प्रातःस्मरणात मात्र तिचं नाव पहिलं, आणि ते स्मरण महापातकांचा नाश करतं अशी श्रद्धा आहे. पातक नाहीसं करणारं नाव आणि पातकी ठरवलेली बाई एकच कशी, हा प्रश्न आपल्या आज्यांना पडला नसेल असं मी मानत नाही. त्यांना तो विचारायची सोय नव्हती. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सगळे दोष बाईच्याच माथी का, असा जाब विचारला, तर त्यांनाच टीका सोसावी लागली.

ऋषीची भाजी मला मनापासून आवडते, ती घरोघर होत राहावी. पण ताटावर बसलेल्या लेकींना कहाणी अर्धी सांगू नका. ब्रह्महत्या इंद्रानं केली होती, पाळी हा त्यांचा अपराध नाही आणि त्यासाठी त्यांना कुणाचीही क्षमा मागायची नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. पूजेला सुपाऱ्या मांडताना अरुंधतीशेजारी एक अहल्येचीही मांडा.